नरसिंहाला धरून ठेवणारे

कुंभकोणमच्या मेलकावेरीत माझ्या आईचे मामेभाऊ राहतात. भोसल्यांच्या मागोमाग तंजावरला येऊन राहिलेल्या देशस्थांचं हे घराणं. घरात मराठी, दारात तमिळ, देवघरात संस्कृत आणि गाण्यात तेलुगू. मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, मी पुण्यात नाटक करणारी. नरसिंह जयंतीच्या रात्री मेलट्टूरला भागवत मेळ्याचं ‘प्रह्लाद चरित्रमु’ उजाडेपर्यंत पाहून आम्ही परतलो, आणि जेवणानंतर ओट्यावर जो वाद सुरू झाला तो संध्याकाळच्या कॉफीपर्यंत संपला नाही. मामांची मराठी तीनशे वर्षं महाराष्ट्रापासून लांब वाढलेली. तिची वळणं वेगळी, मध्येच तमिळ शब्द. इथे ती मी आपल्या वळणावर आणली आहे. हे त्यांना मान्य नाही.

मी : मामा, काल त्या गल्लीचा मला हेवा वाटला. आम्ही पुण्यामुंबईत पन्नास वर्षं रंगमंचाची चौकट मोडायला धडपडतोय. इथे चौकट नव्हतीच. वरदराज पेरुमाळचं देऊळ, त्याच्यासमोर रस्त्यातच मांडव, मध्ये चटयांवर माणसं. तो कोणंगी टोकदार टोपी घालून नाचत आला आणि लोकांना गप्प करायला लागला, तेव्हा नाटक सुरू झालंय की माणसं अजून बसून घेताहेत, हेच कळेना. आम्हाला तेच तर हवं असतं.

मामा : तुला गल्ली दिसली. मला दानपत्र दिसलं. नायकांच्या काळात अच्युतप्पा नायकानं ते गाव ब्राह्मण कुटुंबांना इनाम दिलं. दर घराला जमीन आणि विहीर दिली, असं तिथले लोक सांगतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या ओळी आणि देऊळ, ही रचना तिथून आली. तुम्ही जिला मोकळी जागा म्हणता ती मोकळी कधीच नव्हती. त्या रस्त्यावर कोण चालेल, कोण बसेल आणि कोण लांबून ऐकेल, हे पहिलं पद, म्हणजे दरु, गायच्या आधीच ठरलेलं होतं. चौकट नव्हती म्हणतेस? चौकट गावाएवढी होती, म्हणून तुझ्या नजरेत मावली नाही.

मी : ते जुनं झालं. काल कोण कुठून आलं हे कुणी विचारलं नाही. मी पुढे बसले होते.

मामा : बसलीस. चढशील? प्रह्लादाची आई लीलावती काल एका पुरुषानं केली. उत्तम केली, त्यात वाद नाही. गळ्यात आणि डोळ्यांत चार पिढ्यांची तालीम होती. पण तू आयुष्यभर अभिनय केलास तरी ती भूमिका तुला त्या मांडवात मिळणार नाही. याच भागवत मेळ्याची ‘उषा परिणयम्’ आणि ‘रुक्मांगद चरितम्’ ही नाटकं नृत्यगुरू रुक्मिणीदेवींनी १९५९ आणि १९६१ मध्ये मद्रासला आपल्या कलाक्षेत्रात बसवली. तिथे बायका नाचल्या. कशामुळे? गल्ली सोडली म्हणून.

मी : म्हणजे तुम्हाला पडदाच हवा?

मामा : हो. लाजू कशाला? मला पडदा आवडतो. लहानपणी आर. एस. मनोहरांचं ‘इलंगेश्वरन’ पाहिलं, तेव्हापासून आवडतो. पडदा वर जाताना पोटात जे होतं ते मला दुसऱ्या कशानं होत नाही. आणि या गावात पडद्यानं काय केलं ते तुला ठाऊक नाही. बालामणी अम्मल इथलीच. एकोणिसावं शतक संपता संपता तिनं कुंभकोणममध्ये नाटक कंपनी चालवली, सगळ्या बायकांची. पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करत. तिचं ‘तारा शशांकम्’ बघायला लांबून माणसं येत. रेल्वेनं ‘बालामणी स्पेशल’ गाडी सोडली होती, असं जुने लोक सांगायचे. देवळाच्या रिवाजात वाढलेल्या बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःची पेटी आली, स्वतःचा हिशेब आला. ती कमाई तिकिटाची होती. तिकीट ही फार मोठी समाजसुधारणा आहे. पैसे दिले की बसायचं, आणि कुणाचा कोण हे विचारायचं नाही.

मी : विचारायचं नाही कसं? चार आणेवाला जमिनीवर, रुपयावाला खुर्चीत.

मामा : कबूल. पण चार आण्यांचा रुपया करता येतो. जन्माचं काय करशील?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी सांगली काढली. मराठी माणूस नाटकाच्या वादात अडचणीत आला की सांगली काढतोच.

मी : पण हा पडदा तुमच्याकडे आला कुठून? आमच्याकडूनच ना?

मामा : आलाच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी नाटक मंडळ्या या बाजूला येऊन गेल्या. त्यांचे खेळ पाहून आमच्यातलेच, तंजावरचे गोविंदस्वामी राव यांनी ‘मनमोहन नाटक कंपनी’ काढली, तमिळ नाटकांची. तिचे खेळ पाहून मद्रासचे पम्मल संबंद मुदलियार पेटले आणि १८९१ मध्ये त्यांनी सुगुण विलास सभा काढली. आधुनिक तमिळ नाटकाचा इतिहास लिहिणारा कुणीही या दोन नावांना वळसा घालून जात नाही.

मी : आणि सांगलीला नाटक कुठून आलं? १८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीला खेळ करून गेली. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं की असं काही मराठीत करा. १८४३ चं ‘सीता स्वयंवर’ त्यातून झालं. म्हणजे काल आपण मेलट्टूरला जे पाहिलं त्याच्याच एका चुलत घराण्यातून आमचं नाटक निघालं, आणि चाळीसेक वर्षांत पडदा घेऊन तुमच्या दारात परत आलं.

मामा : बरोबर. पण काय गेलं आणि काय राहिलं ते बघ. सांगलीला आकार गेला. सूत्रधार गेला, गणपती गेला, मोरावरची सरस्वती गेली, विदूषक गेला. नवस गेला नाही. काल पहिल्यांदा गणपतीचा मुखवटा घालून जो लहान मुलगा आला, तो कलाकार म्हणून आला नव्हता. तो त्याच्या घरानं बोललेला नवस होता. त्याला नाच येत होता का?

मी : नव्हता येत. दोनदा चुकला.

मामा : आणि कुणी हसलं?

मी : नाही.

मामा : भाव्यांच्या गणपतीनं चुकून चालणार नव्हतं. राजा बघत होता, पुढे तिकीटवाले बघायला लागले. तुमचं नाटक जन्मलं तेच नवसातून सुटून. त्याबद्दल मला तुमचा हेवा वाटतो, आणि तुम्ही आता परत त्या दावणीला बांधून घ्यायला बघताय.

मामांचं हे म्हणणं मला बोचलं, कारण त्यात तथ्य होतं. आमच्या पिढीच्या रंगकर्मींच्या बोलण्यात विधी हा शब्द फार सैल झाला आहे. चार पणत्या लावल्या, नटांनी पांढरे कपडे घातले, प्रेक्षकांना चपला बाहेर काढायला लावल्या की आम्ही त्याला विधिनाट्य म्हणायला मोकळे. १९८४ नंतर संगीत नाटक अकादमीच्या योजनेतून देशभर तरुण दिग्दर्शकांना लोकपरंपरेत काम करायला अनुदान मिळू लागलं. चांगली नाटकं झाली, आणि प्रत्येक महोत्सवात एक तरी मशाल दिसायला लागली. पण मामा सगळ्यांना एकाच पोत्यात भरत होते.

मी : ‘घाशीराम कोतवाल’चं काय म्हणाल? १९७२ मध्ये पुण्यात भरत नाट्य मंदिरात, म्हणजे तुमच्या लाडक्या चौकटीतच झालं. पण जब्बार पटेलांनी त्या चौकटीत नेपथ्य उभं केलं नाही, माणसं उभी केली. बामणांची रांग पाठमोरी झाली की भिंत, वळली की गाव, वाकून डुलली की देवळातली गर्दी. त्या भिंतीआड काय चाललंय ते दिसत नाही आणि ती भिंतच ते लपवतेय हे दिसतं. सत्तेचं असं चित्र रंगवलेल्या पडद्यावर काढता येतं का? आणि हे सगळं कोकणातल्या खेळ्यांमधून आणि दशावतारातून उचललेलं.

मामा : उचललेलं, हे तूच म्हणालीस. त्यात सुरुवातीला जो गणपती नाचतो त्याला कुणी नवस बोललं होतं? खेळ झाला नसता तर कुणाच्या घरावर संकट येणार होतं?

मी : नाही. पण प्रत्येक प्रयोगाआधी नटराजाला नारळ फुटतो. देव न मानणारेही फोडतात.

मामा : ती सवय झाली. सवयीला मी विधी म्हणत नाही. जे केलं नाही तर कुणीतरी जाब विचारणारा असतो, त्याला मी विधी म्हणतो. काल मेलट्टूरला पाऊस पडला असता, एकही माणूस आलं नसतं, तरी खेळ झाला असता. देव समोर बसवलेला होता. आपण सगळे त्याच्या मागचे आगंतुक. प्रेक्षकाविना होणाऱ्या गोष्टीतून तुम्ही प्रेक्षकाशी जवळीक कशी साधायची हे शिकायला बघता, याची मला गंमत वाटते.

मी : नरसिंह बाहेर पडला तेव्हाही आगंतुक होतात तुम्ही? पाय वर घेऊन बसला होता.

मामा हसले. पहाटेचा तो भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. नरसिंहाचा मुखवटा एरवी देवळात असतो आणि त्याची पूजा होते. तो घालणारा माणूस दिवसभर उपाशी असतो. रात्रभर हिरण्यकशिपू आणि प्रह्लाद यांचा वाद गाण्यातून, पावलांतून, तेलुगूतून चालतो. समोर बसलेले बहुतेक जण तमिळ बोलणारे असतात, पण कुठे काय येणार ते त्यांना पाठ असतं. खांब दुभंगतो आणि मुखवटा बाहेर येतो, तेव्हा तो माणूस नट राहिलेला नसतो. अंग थरथरतं, तो पुढे झेपावतो आणि चारपाच जण त्याला मागून घट्ट धरतात. हिरण्यकशिपू झालेल्या माणसाला दुसरे आवरतात. कथेप्रमाणे पोट फाडणं काही दाखवत नाहीत; तिथवर जाऊ न देणं हाच त्या क्षणाचा सगळा ताण. नट एकमेकांना खरंच इजा करतील अशी भीती कुणी रंगवत नाही, ती असतेच. मला त्या धरणाऱ्यांकडे बघत राहावंसं वाटलं. अंगात साधे पंचे, ना रंग ना वेश. ते पात्रं नव्हेत आणि प्रेक्षकही नव्हेत.

मी : १९६८ मध्ये न्यूयॉर्कला रिचर्ड शेखनरनं एका गॅरेजमध्ये ‘डायोनायसस इन ६९’ केलं. ग्रीक नाटक, युरिपिडीसचं. प्रेक्षक लाकडी मचाणांवर, जमिनीवर, नटांच्या अंगाला अंग लावून. त्यात पेंथियस राजाचा बळी जातो. एका रात्री काही विद्यार्थी ठरवून आले आणि बळी जाऊ नये म्हणून त्यांनी पेंथियसलाच उचलून बाहेर नेलं. खेळ थांबला. शेवटी प्रेक्षकांतलाच एक मुलगा पेंथियस व्हायला तयार झाला आणि नाटक पुढे गेलं. तिथेही लोकांनी नटाला धरलंच की.

मामा : पळवलं. धरणं आणि पळवणं यांत फरक आहे. तुझ्या न्यूयॉर्कच्या पोरांना नाटक मोडायचं होतं, आणि मोडता आलं, कारण ते कुणाचं नव्हतं. मेलट्टूरच्या त्या चौघांना नाटक पार न्यायचं असतं. त्यांनी हात सोडला तर काय होईल हे त्यांना माहीत आहे. तो नट त्यांचा चुलतभाऊ असतो, सकाळी त्याच्याबरोबर चहा प्यायचा असतो. तुझ्या नाटकात नटाच्या अंगात आलं तर धरायला कोण आहे?

मी : आमच्या नटाच्या अंगात येत नाही. आलं तर तालीम कमी पडली असं आम्ही म्हणतो.

मामा : मग अंगात आल्याचा आव कशाला?

मी : आव नाही मामा. पोलंडचा दिग्दर्शक ग्रोटोव्हस्की जे शोधत होता ते मला शोधायचंय. नट स्वतःला पूर्ण उघडा करतो, आणि समोरच्या माणसाला ‘मी नुसता बघतोय’ असं म्हणण्याची सोय राहत नाही. बघणाऱ्याला सुरक्षित ठेवणारं अंतर मला काढून टाकायचंय.

मामा : अंतर काढून टाकलं की काय होतं ते या गावानं पाहिलंय. १९९२ चं महामहम. बारा वर्षांनी एकदा येतं. तळ्याच्या भोवती १६ मंडप, चारी बाजूंनी पायऱ्या, मध्ये पाणी. अशी जागा बांधणाऱ्याला माणसांची ये-जा कळत होती. लोक येतात, बुडी मारतात, जातात. शेकडो वर्षं ते पाणी आणि त्या पायऱ्या गर्दी सांभाळत आल्या, कारण जो तो आपल्यापुरतं करून निघत होता. त्या वर्षी मुख्यमंत्री जयललिता स्नानाला आल्या. लोकांचं स्नान बाजूला राहिलं, त्यांचं स्नान बघायला सगळे एकीकडे झुकले. चेंगराचेंगरीत पन्नासच्या आसपास माणसं गेली. करायला आलेला माणूस बघायला लागला, एवढंच झालं. तेव्हापासून ‘प्रेक्षकाला विधीत ओढायचं’ असं कुणी हौसेनं म्हणालं की मी सावध होतो.

थोडा वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. मामांचा युक्तिवाद मला पूर्ण पटला नव्हता. त्या दिवशीच्या मृत्यूंमागे बंदोबस्ताची, सत्तेच्या दिमाखाची अशी पुष्कळ कारणं होती, आणि त्यांचं ओझं पाहणाऱ्यांवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. तसं मी म्हणालेही. ‘दिमाख हेच तर मी सांगतोय,’ एवढंच ते म्हणाले. मग मी वाद त्यांच्या अग्रहारातून बाहेर काढायचं ठरवलं.

मी : तुम्ही विधी म्हटलं की देऊळ आणि ब्राह्मण धरून चालता. उत्तरेकडे, जिंजीच्या बाजूला द्रौपदी अम्मनच्या उत्सवात महाभारत चालतं. रात्री तेरुक्कूत्तु, म्हणजे रस्त्यावरचं नाटक, आणि शेवटच्या दिवशी पडुकळम्, म्हणजे रणभूमी. देवळाबाहेरच्या मैदानात दुर्योधन मातीचा, आडवा, घरापेक्षा लांब. वेशातला भीम आणि वेशातला दुर्योधन त्या मातीच्या धडाभोवती धावतात, त्याच्यावर चढतात. मांडी फुटते, द्रौपदी केस बांधते. संध्याकाळी गावातली नवस बोललेली माणसं निखाऱ्यांवरून चालतात. अर्जुनाच्या तपाच्या दिवशी नट उंच खांबावर चढतो, वरून लिंबं नि फुलं टाकतो, आणि मूल हवं असलेल्या बायका खाली पदर पसरून असतात. तिथे रंगमंच कुठे संपतो ते दाखवा. आमच्याकडे जव्हार-मोखाड्याला बोहाडा होतो. आदिवासी गावांत मुखवटे घालून देवांची सोंगं संबळ-सनईवर रात्रभर रस्त्यानं नाचत जातात, कुठलं सोंग कुठल्या घरानं काढायचं हे ठरलेलं. त्यात नरसिंहही असतो. ती गल्ली कुणाच्या इनामातली?

मामा : हे बरं सांगितलंस. बोहाडा मला माहीत नव्हता. पण बघ, तू माझंच म्हणणं सांगितलंस. घराला सोंग बांधून दिलंय. निखाऱ्यावर त्यांचेच पाय आहेत. तुझ्या प्रेक्षकाचं काय पणाला लागतं?

मी : तीन तास आणि तीनशे रुपये.

मामा : तेवढ्यात निखारे येत नाहीत.

मी : येतात. एकदा आलेत. १९७४, सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’. चाळीतला भाऊराव मरतो आणि स्वतःच्या मरणावर स्वतःच कीर्तनाला उभा राहतो. जुनं स्मशान बंद झालंय, म्युनिसिपालिटीनं विजेचं काढलंय, आणि याला जुन्याच घाटावर जळायचंय. म्हणून मढं पडून राहतं. झांजा वाजताहेत, अभंगाच्या चाली लागताहेत, लोक हसताहेत, आणि हसता हसता गप्प होताहेत. रंगमंचावर कुठलाही विधी नीट पार पडत नाही. तरी मामा, त्या प्रेक्षागृहात बसलेल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषानं कधी ना कधी तिरडीला खांदा दिलेला होता. प्रत्येक बाईनं घरात तेरा दिवस काढलेले होते. आळेकरांनी विधी आणला नाही, तो लोक अंगात घेऊनच आले होते. त्यांनी फक्त त्याला धक्का दिला.

मामा : कीर्तन आमच्याकडेही मराठ्यांबरोबरच आलं. त्याच्यावरून तंजावूरच्या कृष्ण भागवतरांनी हरिकथा घडवली. तिच्यात अजून मराठी छंद म्हणतात, साकी, दिंडी, ओवी. (जरा थांबून) हे नाटक मला बघायला हवं होतं. पण मला सांग, तुझ्या हाताखालच्या पोरांना ते कळतं?

मी : अर्धं. कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग त्यांना शिकवावा लागतो. विजेची दाहिनी त्यांना बातमी वाटत नाही.

मामा : म्हणजे त्या निखाऱ्यांची राख होत चाललीय. विधीला हा प्रश्न येत नाही. दर वर्षी करायचाच म्हटल्यावर शिकवायचाच.

मी : येत नाही कसा? मेलट्टूर बंद पडलं होतंच ना? विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात खेळ खंडित झाले, आणि १९३८ च्या सुमारास गावातल्या काही जणांनी हट्टानं पुन्हा उभे केले. ई. कृष्ण अय्यरांसारखे वकील मद्रासहून येऊन त्यांच्या पाठीशी राहिले. तेव्हा देव जाब विचारत होता का? आणि आज? ती घरं बहुतेक चेन्नई-बेंगळुरूला आहेत. कालचे नट कुठल्या कुठल्या कंपन्यांतून रजा टाकून आलेले. त्यांनी नाही म्हटलं तर कोण काय करणार? ते येतात, कारण त्यांना यावंसं वाटतं. हे तर आमच्या छबिलदासच्या लोकांसारखंच झालं. दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून आविष्कारनं नाटकं केली, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम. जागा गेली तेव्हा माहीमच्या महापालिका शाळेत गेले. त्यांच्यासाठी कुणी नवस बोललं नव्हतं. तरी अरुण काकडे आयुष्यभर ते चालवत राहिले. तुमचा विधी आता हौशी झालाय मामा, आणि आमच्या हौशीला विधीची शिस्त लागलीय. तुम्ही ज्या दोन गोष्टी वेगळ्या धरताय त्या समोरासमोर येऊन ठेपल्यात.

मामा : रजा टाकून येतात हे खरं. पण कुठे येतात? मुखवटा त्याच देवळात आहे म्हणून त्याच गल्लीत. बेंगळुरूच्या सभागृहात त्यांनी खेळ केले तर ते कार्यक्रम असतात, त्यांनाही ते माहीत असतं. छबिलदास गेलं तर माहीम चाललं तुम्हाला. मेलट्टूरला माहीम नाही. आणि हौशी म्हणतेस, तर त्या एका गावात दोन संघ आहेत, १९६० च्या दशकात फाटाफूट झालेले. हौसेसाठी कुणी साठ वर्षं भांडत नाही.

मी : मराठी नाटक मंडळ्यांचा इतिहास तुम्ही वाचलेला नाही.

यावर मामी आतून पहिल्यांदा बोलल्या, की त्यांच्या माहेरीही असंच होतं. मग कॉफी आली.

मी : खरं सांगते, मी नरसिंह पुण्याला न्यायचा विचार करून आले होते. तो मुखवटा नव्हे, ती रचना. प्रेक्षक मध्ये, खांब त्यांच्यात, आणि धरणारे प्रेक्षकांतूनच उठवायचे. काल ते चौघं पाहिल्यावर ते जमणार नाही असं वाटतंय. प्रेक्षकाला उठवता येतं, पण चुलतभाऊ करता येत नाही.

मामा : मुथुस्वामींनीही ते केलं नाही. न. मुथुस्वामी मूळचे आपल्या जुन्या तंजावूर जिल्ह्यातल्या पुंजैचे. चेन्नईत १९७७ मध्ये त्यांनी कूत्तुप्पट्टरै ही नाट्यसंस्था उभी केली. पुरिसैच्या कन्नप्प तंबिरानकडून नटांना तेरुक्कूत्तुचं शिक्षण देवविलं. पाऊल घेतलं, आवाज घेतला, रात्रभर उभं राहण्याची ताकद घेतली. अम्मन तिच्या गावातच ठेवली. जे शिकता येतं ते घ्यावं. जे फेडावं लागतं ते ज्याचं त्याच्याकडे राहू द्यावं.

मी : मग मी दुसरं करते. तंजावरच्या शहाजीराजांचं ‘पंचभाषा विलास’ करते. सरस्वती महाल ग्रंथालयात आहे ना?

मामा : आहे. व्यंकोजींच्या या पोरानं १६८४ ते १७१२ राज्य केलं आणि भाव्यांच्या दीडशे वर्षं आधी मराठी नाटकं लिहिली. तुमच्या सांगलीकरांना हे आवडत नाही. ‘पंचभाषा विलास’मध्ये देशोदेशीच्या राजकन्या कृष्णाला वरायला येतात आणि जी ती आपल्या भाषेत बोलते. तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदुस्थानी, आणि वर संस्कृत. चांगलं नाटक आहे. त्याच्यावर कुणाचं देणं नाही, कुठली गल्ली नाही, कुठला उपास नाही. तुझ्या मनासारखं मोकळं.

मी : मग?

मामा : म्हणूनच कपाटात राहिलं. सरफोजींच्या स्तुतीची ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ ही तमिळ रचना बृहदीश्वराच्या उत्सवाला बांधली गेली, ती राज्य खालसा झाल्यावरही देवळाच्या आवारात वर्षानुवर्षं नाचली गेली. पुढे देवदासींची पद्धत मोडली, १९४७ चा कायदा आला आणि तीही गेली. ते बरंच झालं, पण गेली. मोकळं नाटक मोकळं मरतं, बांधलेलं बांधणाऱ्याबरोबर मरतं. तू कुठलं करणार ते तू बघ.

मी : मोकळं. जागा तंजावरच्या राजवाड्याचं आवार नाही, पुण्यात एखादं मंगल कार्यालय. चार नवऱ्या मुली, चार दारं, आणि प्रेक्षक पंगतीत बसलेले. लग्नाच्या पंगतीत बसायचं कसं हे अजून सगळ्यांना येतं. अहेर आणायचा, पाकीट दारातल्या टेबलावर द्यायचं. तिकीट तेच.

मामा : (बराच वेळ हसून) अहेर! हे जमेल. अहेर न देता जेवून गेलेल्याला लाज वाटते, तेवढी पुरे. पण तेलुगू बाई कुठून आणशील?

मी : सोलापूर आहे ना. पद्मशाली मोहल्ल्यांत लागेल तेवढी तेलुगू मिळेल.

मामा : तमिळ?

मी : तुमची नात.

मामा : तिला रजा मिळाली तर. आणि महाराष्ट्राची राजकन्या? ती कुठली मराठी बोलणार? शहाजीनं लिहिलीय ती आमची आहे, तुझी नव्हे. पुण्याच्या पोरीच्या तोंडी ती घातलीस तर लोक विनोद समजून हसतील. बदललीस तर मी येणार नाही, आणि अहेरही पाठवणार नाही.

मी : मग तुम्ही या तालमीला, शिकवायला.

मामा : ऐप्पशी महिन्यात दिवाळी, मार्गळीत मला देऊळ सोडता येत नाही. तै लागल्यावर बघू. भाडं तू देणार?